मी लिहून देतो, तू चढव

काही वर्षांपूर्वी आम्ही सात जणांनी मिळून मराठीत एक मार्गदर्शिका लिहायला घेतली. जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स कसं बसवायचं, मराठी कीबोर्ड कसा सुरू करायचा, प्रिंटर रुसला तर काय करायचं, असा सगळा घरगुती मामला. पैसे कुणालाच मिळणार नव्हते. पहिले तीन रविवार एकही ओळ लिहून झाली नाही, कारण ती कशात लिहायची यावरच वाद चालला होता. एकाला विकी हवा होता, दुसऱ्याला गिट, तिसरा म्हणत होता की गूगल डॉकची साधी फाइल पुरे. शेवटी अशा वादांत नेहमी होतं तेच झालं. ज्याच्याकडे सर्व्हर होता त्याचं मत जिंकलं. त्याने एक भारदस्त कंटेंट मॅनेजमेंट सिस्टीम (सीएमएस) बसवली. तिच्यात लेखक, संपादक, समीक्षक, प्रकाशक आणि व्यवस्थापक अशी पाच पदं होती. माणसं सात.

आमच्यात सगळ्यांत नेटकं लिहायचे ते पॉलिटेक्निकमधून निवृत्त झालेले एक सर. पहिल्या आठवड्यात ते एकदा लॉगिन करून आले, पासवर्ड विसरले, नवा मागवला, तो स्पॅममध्ये गेला. मग त्यांनी स्वतःची वाट काढली. प्रत्येक पान ते छापून घेत, लाल बॉलपेनने दुरुस्त करत आणि फोटो काढून मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत. फोन केला तर म्हणायचे, “अरे, ते तुमचं मला जमायचं नाही. मी लिहून देतो, तू चढव.” दीड वर्षात मार्गदर्शिकेतल्या मोलाच्या दुरुस्त्या बहुतेक अशाच आल्या. सिस्टीमच्या नोंदीत मात्र त्या सगळ्या माझ्या नावावर आहेत. तिच्या हिशेबाने आमच्या गटात एक अतिशय उद्योगी लेखक होता, आणि एक सर होते ज्यांनी एकदा लॉगिन केलं होतं.

तेव्हापासून माझं मत असं झालंय की सीएमएसची निवड ही लेखकांची निवड असते. कोण लिहील, कोण अर्ध्यावर सोडेल, कुणाचं लिहिणं दुसऱ्याच्या नावावर जाईल, हे त्या तीन रविवारांत ठरून जातं आणि ठरवणाऱ्यांना त्याचा पत्ताही नसतो. पगारी लेखकांच्या बाबतीत हा प्रश्न एवढा टोकाचा नसतो. कंपनी देईल त्या सॉफ्टवेअरमध्ये ते लिहितात. कुरकुरतात, पण लिहितात. स्वयंसेवक कुरकुरतही नाही. तो टॅब बंद करतो.

आमचा प्रकार लहान होता, म्हणून मोठं उदाहरण घेतो. वेबसाइट बनवणारा माणूस हिंजवडीतला असो की नाशिकच्या कॉलेजातला, एचटीएमएल किंवा जावास्क्रिप्टचं काही अडलं की तो एमडीएनवर पोचतो. मोझिलाने उभी केलेली ही माहितीची साइट आज वेबच्या जगातला जवळजवळ प्रमाणग्रंथ आहे. पण २००५ ते २०२० या पंधरा वर्षांत या ग्रंथाने चार घरं पाहिली, आणि प्रत्येक बिऱ्हाड हलवताना काही सामान फुटलं.

सुरुवातच एका घर सुटण्याने झाली. नेटस्केपची डेव्हएज नावाची विकसकांसाठीची साइट २००४ मध्ये बंद पडली. तिच्यातला मजकूर वापरायची परवानगी मोझिला फाउंडेशनने नेटस्केपची मालक असलेल्या एओएलकडून मिळवली आणि २००५ मध्ये तो मीडियाविकीवर, म्हणजे विकिपीडिया ज्या सॉफ्टवेअरवर चालतो त्यावर मांडला. २००८ मध्ये साइट डेकीविकीवर गेली. तिथे पडद्यावर दिसतं तसंच लिहिता येत होतं, विकीची चिन्हं पाठ करावी लागत नव्हती. चार वर्षांनी, २०१२ मध्ये, मोझिलाने स्वतःच लिहिलेली कुमा नावाची प्रणाली आली. मोझिलाच्या मदतकक्षाची साइट ज्या कित्सुनेवर चालायची तिच्यापासून ही घडवलेली होती. (कित्सुने म्हणजे जपानीत कोल्हा, कुमा म्हणजे अस्वल. प्रोग्रामरांना नावं द्यायला आवडतात आणि त्यात ते सीएमएस निवडण्यापेक्षा बरे असतात.) आणि १४ डिसेंबर २०२० रोजी विकी हा प्रकारच संपला. सगळा मजकूर गिटहबवर फाइलींच्या रूपात गेला. आता कुणाला एक अनुस्वार दुरुस्त करायचा असेल तरी त्याने पुल रिक्वेस्ट पाठवायची आणि दुसऱ्या कुणीतरी ती तपासून आत घ्यायची.

या स्थलांतरांतली मला सगळ्यांत उद्बोधक वाटणारी गोष्ट फार छोटी आहे. एमडीएनच्या पानांत दुहेरी महिरपी कंसांत लिहिलेल्या खुणा असतात. अमुक फंक्शनच्या पानाची लिंक हवी, किंवा कोणत्या ब्राउझरमध्ये काय चालतं याचं कोष्टक हवं, की लेखक तशी एक खूण टाकतो आणि पान दाखवताना तिच्या जागी हवा तो मजकूर येतो. विकीच्या साच्यांपासूनची ही सवय. डेकीविकीत यासाठी डेकीस्क्रिप्ट नावाची खास भाषा होती. ते सॉफ्टवेअर सोडायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं की पानं उचलून नेता येतील, पण पानांतल्या या खुणांना अर्थ देणारं यंत्र मागेच राहील. म्हणून कुमासाठी कुमास्क्रिप्ट नावाची आणखी एक भाषा लिहावी लागली, मुख्यतः जुन्या खुणा समजून घेण्यासाठी. २०२० मध्ये कुमाही गेली, एचटीएमएलची पानं नंतर मार्कडाउनमध्ये आली, तरी आजही त्या फाइली उघडल्या तर महिरपी कंस तिथेच आहेत. घर तीन वेळा बदललं आणि पहिल्या घराच्या दाराची कडी अजून बरोबर फिरते आहे.

म्हणून कुठलीही सिस्टीम दाखवणारा माणूस जेव्हा तिच्या खास सोयींची यादी वाचतो तेव्हा मी मनात त्या प्रत्येक सोयीला भाडं लावतो. ही सोय लेखक पानापानांत वापरतील. दहा वर्षांनी ती पानं बाहेर काढणाऱ्याला ती सोय पुन्हा बांधावी लागेल, किंवा हाताने पुसावी लागेल. स्वयंसेवी कामात तो काढणारा माणूस आज शाळेत असतो.

दुसरं फुटलेलं सामान म्हणजे इतिहास. विकीत प्रत्येक पानाच्या मागे कोणी, केव्हा, काय बदललं याची पूर्ण वही होती. गिटमध्ये जाताना ही वही ओळ न ओळ आली नाही. पानांवर काम केलेल्या लोकांची नावं एका वेगळ्या फाइलीत जपली गेली. तांत्रिकदृष्ट्या हा निर्णय समंजस होता, दीड दशकाच्या लाखो छोट्या बदलांचं ओझं कोण वाहणार? पण ज्याला पगार नव्हता त्याला मिळालेली एकमेव गोष्ट ती नोंद होती. नावांची फाइल ठेवली हे मोठं सौजन्य. बहुतेक ठिकाणी तेवढंही होत नाही.

आता प्रश्न असा की २०२० चा निर्णय चुकला का? माझ्या प्रमेयाप्रमाणे चुकायला हवा. एक बटण दाबून दुरुस्ती करणाऱ्याला गिट शिकायला लावायचं म्हणजे लेखक घालवायचे. पण एमडीएनच्या बाबतीत मी तसं म्हणणार नाही. तिथे वाचणारे आणि लिहिणारे हे एकच लोक आहेत. जो जावास्क्रिप्टच्या पानात चूक पकडू शकतो तो दिवसातून चारदा पुल रिक्वेस्ट उघडतो. त्याच्या दृष्टीने विकीचं वेगळं खातं हीच अडचण होती. शिवाय विकीचं दार उघडं होतं तेव्हा तिथून स्पॅमही आत येत होता, इतका की मधल्या काळात नव्या सभासदांचा नवं पान तयार करण्याचा हक्क काढून घ्यावा लागला. दार उघडं आहे असं म्हणायचं आणि उंबऱ्यावर पहारेकरी बसवायचा, त्यापेक्षा सरळ दारावरची घंटा वाजवायला सांगणं प्रामाणिकपणाचं.

मात्र घंटा वाजवली की दार उघडायला घरात माणूस लागतो. ऑगस्ट २०२० मध्ये मोझिलाने सुमारे अडीचशे लोकांना कमी केलं. त्यांत एमडीएनचे लेखकही होते. म्हणजे प्रत्येक बदल कुणीतरी तपासल्याशिवाय आत जाणार नाही अशी व्यवस्था आली त्याच वर्षी तपासणारे कमी झाले. ती पोकळी काही अंशी भरली ती जानेवारी २०२१ मध्ये जाहीर झालेल्या ओपन वेब डॉक्स या गटाने. गूगल, मायक्रोसॉफ्ट, इगालिया यांच्यासारख्यांच्या पाठबळावर त्याने लेखकांना पगारावर ठेवलं. म्हणून एमडीएन गिटवर गेलं आणि टिकलं, हे खरं असलं तरी त्यातून निघणारा धडा ‘आपणही गिटवर जाऊया’ असा नाही. त्या व्यवस्थेमागे पूर्णवेळ तपासणारी माणसं आहेत. आपल्या सात जणांच्या गटात पुल रिक्वेस्ट तीन महिने पडून राहिली तर पाठवणारा समजायचं ते समजतो.

भाषांतरांचं काय झालं तेही सांगायला हवं, कारण तिथे आपला संबंध येतो. विकीच्या काळात एमडीएनची पानं कितीतरी भाषांत होती, हिंदी आणि बंगालीतही. कुणीही यावं, एखादं पान आपल्या भाषेत करावं आणि निघून जावं. मूळ इंग्रजी पान पुढे दहादा बदलायचं, भाषांतर पहिल्या दिवशीच्या अवस्थेत थिजलेलं. गिटवर गेल्यावर ठरलं की ज्या भाषेसाठी जबाबदारी घेणारा गट असेल तीच चालू ठेवायची. जपानी, फ्रेंच, चिनी, कोरियन, रशियन, स्पॅनिश, ब्राझीलची पोर्तुगीज राहिल्या. हिंदी आणि बंगाली गेल्या. वाचून वाईट वाटलं, पण मला तो निर्णय योग्य वाटतो. सुरक्षेबद्दलचा सात वर्षांपूर्वीचा सल्ला आपल्या भाषेत आहे म्हणून तो कमी धोक्याचा ठरत नाही, उलट आपल्या भाषेत असल्यामुळे त्याच्यावर विश्वास जास्त बसतो. हिंदी बोलणारे कोट्यवधी आणि प्रोग्रामर लाखो असताना ती पानं सांभाळणारा गट उभा राहिला नाही, याचं खापर सॉफ्टवेअरवर फोडता येत नाही.

इथे माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यांत वजनदार आक्षेप येतो. तो असा की थोडी अडचण चांगलीच. दार जरा जड असलं की रिकामटेकडे येत नाहीत, आणि जो येतो तो खरोखर काही सांगायला येतो. हे ऐकायला बरं वाटतं. पण जड दार कशाची परीक्षा घेतं? सॉफ्टवेअर वापरता येतं का, याची. विषय कळतो का, याची नव्हे. आमच्या सरांना प्रिंटरच्या ड्रायव्हरांबद्दल आम्हा सहा जणांपेक्षा जास्त कळत होतं आणि ते त्या परीक्षेत नापास झाले. जड दाराला सगळ्यांत कमी घाबरतो तो स्पॅमवाला, कारण त्याचं यंत्र ढकलून थकत नाही.

हा वाद एकदा चांगल्यापैकी निकालात निघालेला आहे. मार्च २००० मध्ये नुपीडिया नावाचा ज्ञानकोश सुरू झाला. लेख तज्ज्ञांनी लिहायचे, तपासणीच्या सात पायऱ्या. २००३ मध्ये तो बंद पडेपर्यंत पूर्ण झालेले लेख पंचविसाच्या घरात होते. त्याच मंडळींनी जानेवारी २००१ मध्ये बाजूला, जरा कच्चं काम म्हणून, विकी उघडला. त्याचं पुढे काय झालं हे सांगायची गरज नाही. पण ज्ञानकोश आणि तांत्रिक मार्गदर्शिका यांत एक फरक आहे, आणि विकीचे भक्त तो विसरतात. शिवाजी महाराजांच्या जन्मतारखेवर वाद झाला तरी ती आवृत्तीगणिक बदलत नाही. सॉफ्टवेअरची कमांड बदलते. एकाच विकीपानावर जुन्या आवृत्तीत असं करा, मधल्या आवृत्तीत तसं करा, नव्यात हे सगळं विसरा, असे थर साचत जातात आणि वाचकाला आपला थर कोणता ते शोधावं लागतं.

आर्च लिनक्सचा विकी इतका उत्तम का, याचं उत्तर मला इथे सापडतं. लोक त्याच्या शिस्तीची आणि लेखकांची स्तुती करतात, ती रास्तच आहे. पण आर्चला आवृत्त्याच नाहीत. ते सतत ताजं होत राहणारं लिनक्स आहे, त्यामुळे विकीपानाला एकाच काळाबद्दल बोलायचं असतं, आत्ताच्या. सॉफ्टवेअरचा स्वभाव आणि विकीचा स्वभाव जुळला. याउलट पायथॉनसारख्या भाषेला प्रत्येक आवृत्तीची मार्गदर्शिका वेगळी हवी, आणि कोड बदलला त्याच झटक्यात तिची मार्गदर्शिकाही बदललेली हवी. तिथे मजकूर कोडशेजारी साध्या फाइलींत ठेवणंच सोयीचं. आर्चचं यश पाहून पायथॉनने आपली मार्गदर्शिका विकीवर नेली असती तर पस्तावला असता.

पायथॉनचीच आणखी एक गोष्ट मला फार आवडते. २००७ पर्यंत त्याची अधिकृत मार्गदर्शिका लाटेकमध्ये होती. लाटेक म्हणजे गणिताच्या शोधनिबंधांसाठीची टंकजुळणीची प्रणाली. सुंदर पानं देते, पण नवशिक्याला घाम फोडते. त्या काळात लिहू इच्छिणाऱ्यांना सांगितलं जायचं की लाटेक येत नसेल तर काळजी करू नका, साधा मजकूर पाठवा, खुणा आम्ही घालू. म्हणजे चक्क ‘तुम्ही लिहून द्या, आम्ही चढवतो’. पुढे गेओर्ग ब्रांडलने सगळा मजकूर रिस्ट्रक्चर्डटेक्स्ट नावाच्या सोप्या खुणांत आणला आणि त्यासाठी स्फिंक्स हे साधन लिहिलं. आज कितीतरी प्रकल्पांची मार्गदर्शिका स्फिंक्सवर आहे. २०१६ मध्ये लिनक्स कर्नलनेही डॉकबुक सोडून तोच रस्ता धरला.

डॉकबुक हा त्या आधीच्या पिढीचा प्रतिष्ठित पर्याय. १९९१ च्या सुमारास सुरू झालेला, पुस्तकाच्या रचनेचा अतिशय बारकाईने विचार करणारा. फाइलीच्या नावाला एक टॅग, कमांडला दुसरा, मेनूतल्या पर्यायाला तिसरा, असे शेकडो. लिनक्स डॉक्युमेंटेशन प्रोजेक्टच्या स्वयंसेवकांनी लिहिलेल्या ‘हाउटू’ मार्गदर्शिकांवर आमच्या वयाचे कितीतरी लोक शिकले. त्या प्रकल्पानेही डॉकबुक स्वीकारलं होतं. तिथेही साधा मजकूर घेऊन तो डॉकबुकमध्ये बसवून देणारे स्वयंसेवक होते. मग वेबवर विकी आले आणि नवं लिहिणारा तिकडे वळला. माझ्या मते डॉकबुक वाईट नव्हतंच. ते बसवून देणारी माणसं जोवर पुरेशी होती तोवर लेखकाला त्याचा त्रास झाला नाही.

या मधल्या माणसाचा विचार सीएमएस निवडताना कुणी करत नाही. वैशिष्ट्यांच्या तक्त्यात त्याच्यासाठी रकाना नसतो. कच्चं लिहिणं घेऊन त्याला सिस्टीमच्या भाषेत बसवणारा, लेखकाला ‘तुम्ही हे कुठे तपासलंत?’ असं विचारणारा, आणि नाव लेखकाचंच लावणारा असा एक माणूस असेल तर सिस्टीम कितीही अवघड चालते. तो नसेल तर सिस्टीम इतकी सोपी हवी की त्याची गरजच पडू नये. माझ्या अनुभवात लोक नेमकं उलटं करतात. अवघड सिस्टीम घेतात आणि मधला माणूस नेमत नाहीत. मग कुणीतरी नकळत तो होतो आणि दोन वर्षांत थकतो.

ओपनऑफिसच्या आणि पुढे लिब्रेऑफिसच्या मार्गदर्शिका लिहिणाऱ्या स्वयंसेवकांनी काढलेला तोडगा मला म्हणूनच शहाणपणाचा वाटतो, जरी तो फॅशनच्या विरुद्ध आहे. त्यांनी प्रकरणं थेट रायटरमध्येच लिहिली, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरबद्दल लिहायचं त्याच सॉफ्टवेअरमध्ये. फाइली ठेवायला प्लोन नावाच्या सीएमएसवर चालणारी एक साइट. कच्ची प्रकरणं एका कप्प्यात, तपासलेली दुसऱ्यात. एका वेळी एका माणसाने प्रकरण घ्यायचं, बदलांच्या नोंदी चालू ठेवून दुरुस्त करायचं आणि परत ठेवायचं. प्रोग्रामर हे पाहून नाक मुरडतील, दोघांनी एकाच वेळी बदल केला तर ते एकत्र कसे करणार, वगैरे. पण त्या मार्गदर्शिका लिहिणारे प्रोग्रामर नव्हतेच. बरेचसे संपादनाच्या किंवा शिकवण्याच्या पेशातून आलेले. बदलांच्या नोंदी म्हणजे त्यांच्यासाठी लाल पेन. आणि रायटरमध्ये शेकडो पानांचं पुस्तक लिहिताना रायटरमधल्या ज्या चुका त्यांना सापडल्या असतील त्या दुसऱ्या कुठल्या सिस्टीममध्ये लिहून सापडल्या नसत्या. ‘आपल्याच स्वयंपाकघरात जेवावं’ हा नियम फार कमी लोक पाळतात. वर्डप्रेस ही जगातली सर्वांत जास्त वापरली जाणारी सीएमएस, पण तिची स्वतःची मार्गदर्शिका कितीतरी वर्षं मीडियाविकीवर होती.

पीएचपीच्या मार्गदर्शिकेने आणखी वेगळी युक्ती केली. मूळ मजकूर डॉकबुकमध्ये, तो ठराविक मंडळींच्या ताब्यात. पण प्रत्येक पानाखाली वाचकाला टीप लिहायची जागा. मुख्य घराला कुलूप आणि बाहेर ओटा. पुष्कळदा वाचणाऱ्याला नेमकं उत्तर ओट्यावरच मिळतं. दोष एवढाच की ओटा झाडायला कुणी लागतं. दहा वर्षांपूर्वीची, आता धोकादायक ठरलेली कोडची ओळ एखाद्या टिपेत तशीच बसून असते आणि नवशिका तीच उचलतो. टिपांतलं चांगलं ते मूळ मजकुरात नेणं आणि वाईट ते काढणं हे काम पुन्हा त्या मधल्या माणसाचंच.

आता मजकूर बाहेर काढण्याबद्दल. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागू नये, पण लागतं. युनिकोड येण्यापूर्वी आपल्याकडच्या मासिकांचा आणि प्रकाशकांचा कितीतरी मजकूर अशा फॉन्टांत जुळवला गेला, ज्यांत पडद्यावर ‘क’ दिसायचा पण फाइलीत इंग्रजीतलं भलतंच अक्षर असायचं. फॉन्ट गेला की मराठी गेलं. उरली ती चिन्हांची रांगोळी. छापलेलं पुस्तक कपाटात आहे, त्याची फाइल सीडीवर आहे, आणि त्या फाइलीपेक्षा पुस्तक पुन्हा टाइप करणं सोपं, ही वेळ अनेकांवर आली. असा हिसका खाल्लेल्या लोकांनी तरी सीएमएस घेताना पहिल्याच दिवशी दहा पानं लिहून, ती बाहेर काढून, दुसऱ्या कॉम्प्युटरवर नोटपॅडमध्ये वाचून पाहायला हवीत.

आमच्या भारदस्त सिस्टीमने एक मजा केली होती, ती सांगून टाकतो. पानाच्या शीर्षकावरून ती आपोआप पत्ता तयार करायची. तिच्या लेखी अक्षर म्हणजे फक्त मूळ अक्षर. काना, मात्रा, वेलांटी ही तिला अक्षरं वाटतच नव्हती, ती ती गाळून टाकायची. ‘कीबोर्ड’ या पानाचा पत्ता झाला ‘कबरड’, आणि ‘मार्गदर्शिका’चा ‘मरगदरशक’. सर म्हणाले, “मोडी बरी.” दुरुस्तीचा उपाय होता, पण तो करायला सर्व्हरवाल्या मित्राला वेळ हवा होता, आणि तोवर त्याने नोकरी बदलली होती.

ही गोष्ट हसण्यासारखी, पण मित्राची नोकरी बदलणं ही खरी बाब आहे. सर्व्हर एका माणसाचा, पासवर्ड एका माणसाकडे, बॅकअप होतोय अशी सगळ्यांची समजूत. जेंटू लिनक्सच्या चाहत्यांनी चालवलेला एक मोठा स्वतंत्र विकी होता. २००८ साली त्याचा डेटाबेस गेला आणि बॅकअप नव्हता. लोकांनी सर्च इंजिनांच्या साठवणीतून पानं वेचून आणली. तो प्रसंग वाचल्यापासून मला ज्या सिस्टीममध्ये मजकूर डेटाबेसच्या पोटात असतो तिची धास्ती वाटते. साध्या फाइली गिटमध्ये असल्या की त्यात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर अख्खी प्रत असते. सात जणांपैकी सहा जण संन्यास घेऊन गेले तरी एकाकडे सगळं उरतं. गिटच्या बाजूने मला पटलेला हा सगळ्यांत मोठा मुद्दा. बदलांची तुलना, शाखा, आपोआप चाचण्या हे सगळं त्याच्यापुढे मला दुय्यम वाटतं.

मग छोट्या गटाने काय घ्यावं? मी आज पुन्हा सुरुवात केली तर मजकूर साध्या मार्कडाउन फाइलींत ठेवीन आणि लेखकांना त्या फाइली दाखवणारही नाही. ज्याला गिट येतं त्याने गिटमधून यावं. बाकीच्यांसाठी सूचना करता येतील अशी एक सामायिक फाइल, किंवा ई-मेल, किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो. आठवड्यातून एक संध्याकाळ एकाने ते सगळं गोळा करून फाइलींत बसवायचं, आणि ती पाळी महिन्याने बदलायची. पाळीला दोन जणही तयार नसतील तर विकीच घ्यावा, चुका सोसून. आणि सगळ्यांच्या आधी एक प्रयोग करावा: गटातल्या कॉम्प्युटरशी सगळ्यांत कमी सलगी असलेल्या माणसासमोर एक मुद्दाम चुकवलेला शब्द ठेवावा, हातात घड्याळ घ्यावं आणि तो दुरुस्त व्हायला किती वेळ लागतो ते पाहावं. त्या माणसाला मदत करायचा मोह आवरणं अवघड जातं.

आमची मार्गदर्शिका पुढे खरोखर अशा फाइलींत गेली. ती हलवताना गिटमधली एक सोय मला नव्याने दिसली. प्रत्येक बदलाला तिथे दोन नावं असतात, एक लिहिणाऱ्याचं आणि एक आत घेणाऱ्याचं. लिनक्स कर्नलमध्ये लोक ई-मेलने बदल पाठवायचे आणि दुसरेच कुणी ते आत घ्यायचे, त्या रिवाजासाठी केलेली ही तजवीज. म्हणजे सरांचं नाव लेखक म्हणून लावता येत होतं, लॉगिन न करता. जुने फोटो शोधून शोधून मी त्यांच्या शंभरेक दुरुस्त्या त्यांच्या नावावर केल्या आणि एका दुपारी लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेलो.

सरांनी चष्मा पुसून यादी वाचली. खाली सरकवून पुन्हा वर आणली. मग एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, “ही तारीख चुकलीय. हे मी तुला गणपतीच्या आधी दिलं होतं.”

तारखाही दोन असतात, लिहिल्याची आणि चढवल्याची. पहिली मी टाकलीच नव्हती.